‘सहकार्य’ की ‘वाटा’? : लसीकरणविषयक कॅथलिक नीतिविचार आणि मराठी शब्दयोजना

रोमच्या श्रद्धासिद्धान्त-मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी कोरोनाप्रतिबंधक लसींच्या नैतिकतेसंबंधी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. पोप फ्रान्सिस यांनी त्यास चार दिवस आधी, १७ डिसेंबर रोजी, संमती दिली होती. टिपण जेमतेम दोनतीन पृष्ठांचे आहे. परंतु त्यातील सारा युक्तिवाद एका पारिभाषिक शब्दावर तोललेला आहे. त्या शब्दाचे मराठी रूपांतर करू जाता जी अडचण उभी राहते, ती केवळ कोशकाराची अडचण नव्हे. लस घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न ज्या मराठी कॅथलिक घरात पडला त्या घरात तो मराठीतूनच पडला आणि त्याचे उत्तरही मराठीतूनच मिळावयास हवे होते. मूळ वचनातील भेद भाषांतरात पुसले गेले, तर ज्याला मोकळीक दिली आहे त्याला आज्ञा झाल्यासारखे वाटते आणि ज्याच्यावर कर्तव्य सोपविले आहे तो स्वतःला मोकळा समजतो.

मराठवाड्यासाठी औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली झाली. बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी कॅथलिक वस्ती अगदी विरळ. तरीही प्रस्तुत विवेचनात वडवणीचा उल्लेख पुनःपुन्हा येईल. कारण टिपणातील कळीच्या शब्दाला जो मराठी प्रतिशब्द सहज सुचतो, तो या भागात रोजच्या व्यवहारात वावरणारा आहे, मात्र निराळ्याच अर्थाने.

प्रथम प्रश्न कसा उद्भवला ते पाहू. प्रयोगशाळेत विषाणू वाढवावयाचा, तर त्यास जिवंत पेशी लागतात. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास प्रारंभ झाला तेव्हा दोन लसी उपलब्ध होत्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या कोविशील्डमधील वाहक विषाणू एचईके-२९३ या पेशीवंशात वाढविला जात असे. हा पेशीवंश १९७३ साली नेदरलंड्समधील लायडन येथे एका मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातील पेशींपासून तयार करण्यात आला. हैदराबादच्या भारत बायोटेकने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या साह्याने काढलेली कोव्हॅक्सिन मात्र वेरो पेशींत वाढविलेल्या व नंतर निष्प्रभ केलेल्या विषाणूची होती. आणि वेरो पेशींचे मूळ १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींत आहे. गर्भपात हे कॅथलिक नीतीत गंभीर पाप गणले जाते. तेव्हा एक लस निःशंक व दुसरी सशंक, असा भेद एखाद्या श्रद्धावंताच्या मनात उभा राहणे स्वाभाविक होते. हा प्रश्न कोरोनाबरोबर जन्मला असेही नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून जी गोवर-रुबेला लस टोचली गेली, तीतील रुबेलाचा विषाणूही मानवी गर्भापासून आलेल्या पेशींतच वाढविलेला असतो. रुबेलाच्या लसीचा विचार रोमच्या जीवनविषयक अकादमीने २००५ साली केला होता आणि २००८ सालच्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या निर्देशपत्राने त्या विचारास अधिकृत आधार दिला.

येथे एक आनुषंगिक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. मराठीत ‘लस’ या शब्दाचा आधीचा अर्थ जखमेतून झिरपणारा चिकट द्रव असा आहे. इंग्रजी शब्द गाईवरून आला. मराठी शब्द त्या पदार्थाच्या द्रवरूपावरून आला. खेड्यातील वृद्ध अजूनही ‘देवी टोचल्या’ किंवा ‘देवी काढल्या’ असे म्हणतात, आणि त्यांत ख्रिस्ती वृद्धही असतात. त्या शब्दामुळे कोणाच्या श्रद्धेस बाध आल्याचे दिसत नाही! शब्दाच्या उगमाचा डाग त्याच्या आजच्या वापरास लागतो काय, हा प्रश्न भाषाशास्त्राने केव्हाच नकारार्थी सोडविला आहे. पदार्थाच्या उगमाचा प्रश्न तितका सोपा नाही.

आता कळीच्या शब्दाकडे वळू. कॅथलिक नीतिशास्त्रात दुसऱ्याच्या पापकर्मास लागलेल्या हातास ‘को-ऑपरेशन’ म्हणतात. ही संज्ञा जुनी असून तिची घडण व्यवहारातील पेचांतून झाली आहे. मालक दुष्ट हेतूने कोणाच्या घरात शिरत असता त्याला शिडी धरून देणारा नोकर दोषी की निर्दोष? हा प्रश्न सतराव्या शतकात इतका गाजला की, त्या नोकरास गंभीर दोषातून मोकळे ठरविणारे मत पोप अकरावा इनोसंट याने १६७९ साली निषिद्ध ठरविलेल्या मतांत समाविष्ट केले. पुढे अठराव्या शतकात संत आल्फॉन्सस लिगुओरी यांनी या विषयाची जी मांडणी केली ती आजवर प्रमाण मानली जाते. तिचा गाभा असा : पाप करणाऱ्याच्या संकल्पातच जो सामील होतो, त्याचा दोष सदैव कायम, ज्याची केवळ कृती उपयोगी पडली, संकल्प मात्र निराळा राहिला, त्याच्या बाबतीत ती कृती मूळ पापाच्या किती जवळची, तिच्यावाचून ते अडले असते काय, आणि ती करण्यास कारण किती गंभीर होते, हे पाहावे लागते.

या दोन प्रकारांना इंग्रजीत जी विशेषणे लावतात त्यांचे कोश उघडून केलेले भाषांतर ‘औपचारिक सहकार्य’ आणि ‘भौतिक सहकार्य’ असे होईल. यापेक्षा घातक भाषांतर शोधून सापडणार नाही. मराठीत ‘औपचारिक’ म्हणजे नावापुरते, मनाचा सहभाग नसलेले. मूळ संज्ञेत नेमका उलट अर्थ आहे. मन गुंतलेले असते म्हणूनच ते सहकार्य सर्वांत गंभीर. म्हणजे मराठी वाचक ‘औपचारिक सहकार्य’ हे वाचून त्यास क्षुल्लक मानील आणि ‘भौतिक सहकार्य’ हे प्रत्यक्ष, भरीव असे समजून बिचकेल. लसीबद्दल टिपण म्हणते की, ती घेणाऱ्याचे सहकार्य ‘भौतिक’ प्रकारचे, ‘दूरचे’ व ‘निष्क्रिय’ आहे. यापैकी फक्त ‘दूरचे’ हे विशेषण मराठीत निर्वेध उतरते, कारण दूरचे नाते म्हणजे काय हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. ‘निष्क्रिय’ म्हटले की आळस आठवतो. अभिप्रेत अर्थ मात्र ‘आक्षेप न घेतल्याने, गप्प राहिल्याने येणारा’ असा आहे.

विशेषणांपेक्षाही नाम अधिक अडचणीचे. ‘सहकार’ व ‘सहकार्य’ हे शब्द मराठीत निखळ गुणवाचक आहेत. वैकुंठभाई मेहता, धनंजयराव गाडगीळ, प्रवरानगर अशी ‘सहकार’ या शब्दाची परंपरा. वडवणीच्या बाजूस ‘सहकारी’ म्हटले की पुढचा शब्द ‘कारखाना’ हाच येतो. पापाशी ‘सहकार्य’ ही शब्दसंहतीच मराठी कानास विसंगत वाटते. आणि ‘लस घेणे हे दूरचे सहकार्य आहे’ हे वाक्य ऐकणारा ‘मग चांगलेच आहे की’ असे म्हणून मोकळा होईल. ‘सहभाग’ थोडा बरा. पण तो अलीकडे कार्यक्रमपत्रिकेचा शब्द झाला आहे. ‘हातभार’ सत्कार्यासच लागतो. ‘सामील’ या शब्दात संकल्पाचा दोष आधीच गृहीत धरलेला आहे.

माझ्या मते या अर्थास सर्वांत जवळचा शब्द मराठी परंपरेत फार पूर्वीपासून आहे. वाल्या कोळ्याच्या कथेत नारद त्याला घरी धाडतो, आणि वाल्या बायकामुलांना विचारतो की, माझ्या पापाचे वाटेकरी तुम्ही होणार काय? ती नाही म्हणतात. लुटीचे अन्न खाल्ले, पण पापाचा वाटा नाकारला. कॅथलिक नीतिशास्त्र्यापुढे ही कथा ठेवली तर तो ‘नाही’ या उत्तरावर थांबणार नाही. अन्न खाताना ते लुटीचे आहे हे ठाऊक होते काय, दुसरे अन्न मिळण्याजोगे होते काय, लूट थांबावी म्हणून कोणी शब्द उच्चारला काय, असे तो एकेक विचारीत जाईल आणि वाटा लहानमोठा ठरवील. ‘वाटा’ या शब्दाची सोय हीच की त्यास प्रमाण लावता येते : मोठा वाटा, दूरचा वाटा, मौनाचा वाटा. त्याचबरोबर तो कितीही लहान असला तरी शून्य होत नाही. तेव्हा ‘संकल्पपूर्वक वाटा’ व ‘कृतीपुरता वाटा’ अशी जोडी मी सुचवितो. वाटा म्हटला की लाभ सूचित होतो, हा तिच्यावर घेतला जाणारा आक्षेप मला मान्य आहे. पण लस घेणाऱ्यास लाभ होतोच, त्यामुळे येथे ते वैगुण्य ठरत नाही.

हे सूत्र वडवणीच्या वाचकास समजावून द्यावयाचे तर लायडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम आगाऊ ‘उचल’ देतो आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’ त्यातून वळता करतो. या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण आहे, हे २०१९ साली उघडकीस आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तपासणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे त्यामागील एक कारण असल्याचे त्या वेळी पुढे आले. आता, गरज नसता शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याचा वाटा कोणता? खाड्याची धास्ती घालणाऱ्या मुकादमाचा कोणता? मुकादमामार्फत तोड करवून घेऊन मजूर आपले नव्हेत असे म्हणणाऱ्या कारखान्याचा? आणि ती साखर चहात घालणाऱ्या आपला? शेवटचा वाटा कृतीपुरता आहे, दूरचा आहे, बराचसा मौनाचा आहे. कोणी साखर सोडावी असे नीतिशास्त्र सांगणार नाही. परंतु साखर खाणाऱ्याने या प्रकाराबद्दल तोंड उघडावयास हवे, एवढे ते निश्चित सांगेल. लसीसंबंधी रोमची भूमिका याच जातीची आहे. गंभीर व अन्यथा न आवरणाऱ्या रोगाचा धोका असता ती लस घेणे ग्राह्य; त्यामुळे गर्भपाताचे समर्थन होत नाही; मात्र औषधनिर्मात्या संस्थांकडे व शासनांकडे निर्दोष लसींची मागणी करीत राहण्याचे कर्तव्य उरते. त्या लसी गरीब देशांपर्यंत पोहोचविणे ही नैतिक निकड आहे, असेही टिपण बजावते. मराठी चर्चेत हा उत्तरार्ध बहुधा गळतो. तो गळला तर उरतो केवळ परवाना.

टिपणात आणखी एक बारकावा आहे आणि तो भारतास तंतोतंत लागू पडतो. पर्यायी लस मिळत नाही, याची जी उदाहरणे त्यात दिली आहेत त्यांपैकी एक असे की, देशात अनेक लसी असतात, पण कोणती घ्यावी ही निवड अधिकारी नागरिकास करू देत नाहीत. शासकीय केंद्रावर त्या दिवशी जी कुपी उघडली असेल ती टोचून घ्यावयाची, हा लसीकरणाच्या आरंभीच्या काळातील आपल्याकडचा शिरस्ता होता. कोव्हॅक्सिन देशात होती म्हणून कोविशील्ड घेणारा दोषी, असा निष्कर्ष त्यामुळे निघत नाही.

‘वाटा’ कळला म्हणजे प्रश्न संपला असे नाही. टिपणाचा पुढचा भाग विध्यर्थाचा आहे, आणि येथे मात्र मराठी इंग्रजीहून अधिक समर्थ ठरते. लस घेणे ग्राह्य आहे. ते सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नाही, म्हणून ते ऐच्छिक असले पाहिजे. तथापि साथ रोखण्याचा दुसरा उपाय नसेल तर सार्वजनिक हित लसीकरणाची शिफारस करू शकते, विशेषतः दुर्बळांच्या रक्षणासाठी. आणि सद्सद्विवेकास स्मरून जो लस नाकारतो त्याने इतर उपायांनी आपण रोगाचे वाहक होणार नाही यासाठी पराकाष्ठा केली पाहिजे. या चार विधानांना मराठी क्रियापदाची निरनिराळी रूपे सिद्धच आहेत. ‘लस घेतली तर चालते’ यात मोकळीक आहे. ‘लस घ्यावी’ यात शिफारस आहे. ‘घेतली पाहिजे’ यात कर्तव्य आहे. ‘घ्यावी लागते’ यात बाहेरची सक्ती आहे. विभक्तीही पाहण्यासारखी आहे : ‘त्याने लस घ्यावी’ किंवा ‘त्याने घेतली पाहिजे’ येथे घेणारा तृतीयेत राहतो, म्हणजे तो कर्ता आहे, ‘त्याला लस घ्यावी लागते’ म्हणताच तो चतुर्थीत जातो आणि कर्तेपण हरवते. टिपणाने ‘चालते’ व ‘घ्यावी’ ही रूपे स्वीकारली, ‘लागते’ नाकारले, आणि ‘पाहिजे’ हे रूप लस न घेणाऱ्यासाठी राखून ठेवले : त्याने मुखपट्टी बांधली पाहिजे, अंतर राखले पाहिजे, आजाऱ्याच्या उशाशी जाणे टाळले पाहिजे. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ ‘मर्जी’ असा करणाऱ्यांना हे चौथे विधान सहसा दिसत नाही. पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑगस्ट २०२१ च्या संदेशात लस घेणे ही प्रेमाची कृती म्हटली तेव्हाही ते ‘घ्यावी’ याच रूपात बोलत होते.

‘लागते’ हे रूप आले ते अन्य दिशांनी. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक मात्रा घेतल्याखेरीज पेट्रोल व शिधा मिळणार नाही, असा प्रशासनाचा आदेश निघाला होता. व्हॅटिकन नगरराज्यानेही ८ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशात लस नाकारणाऱ्या कर्मचाऱ्यांवरील परिणामांची तरतूद केली, आणि त्यावर बरीच टीका झाली. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही; मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील. धर्मपीठ आणि न्यायपीठ निरनिराळ्या वाटांनी एकाच विध्यर्थापाशी आली, हे लक्षणीय आहे.

धर्मग्रामातील व्यवहाराचा प्रश्न याहून साधा होता, पण तेथेही शब्दांनी घोळ घातला. रविवारी मिस्सास उपस्थित राहणे हे धर्मसंहितेच्या १२४७ व्या कलमानुसार बंधन आहे, आणि ८७ व्या कलमाने बिशपांना त्यातून ‘सूट’ देता येते. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली तेव्हा ही सूट देण्यात आली. बाजारपेठेत सूट म्हणजे सवलत, घेणाऱ्याने ती घ्यावी वा सोडावी. त्यामुळे ‘सूट आहे, पण खरा भाविक येणारच’ अशी समजूत होण्यास वाव राहिला. धर्मसंहितेतील सूट म्हणजे त्या व्यक्तीपुरते ते बंधनच उठणे. जे उठले ते न पाळण्यात पाप नाही आणि ते पाळण्यासाठी दुसऱ्यास धोक्यात घालण्यात पुण्यही नाही. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्यास, उघडली; एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली; ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. शासकीय पंचांग हिंदू सणांचे असले तरी चर्चची दारेही त्याच मुहूर्तांवर उघडली. एका बाबतीत मात्र भारतीय चर्चला नवे काही शिकावे लागले नाही. अन्यत्र मिस्सातील शांतिचिन्हासाठीचे हस्तांदोलन बंद करावे लागले. भारतात हात जोडून शांतिचिन्ह देण्यास रोमने १९६९ सालीच मान्यता दिलेली होती. उपासनेच्या भारतीयीकरणासाठी घेतलेला तो निर्णय अर्धशतकानंतर आरोग्यासही उपयोगी पडला.

सर्वांत तीव्र प्रसंग अंत्यविधीचा. मुंबई महानगरपालिकेने ३० मार्च २०२० रोजी कोरोनाने दगावलेल्या सर्वांचे दहन करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते मागे घेतले. वांद्रे येथील दफनास विरोध करणारी याचिका उच्च न्यायालयापुढे आली. मे २०२० मध्ये न्यायालयाने दफनाने संसर्ग पसरतो यास शास्त्रीय आधार नाही असे म्हणून ती फेटाळली. चर्चने मात्र दहनासही आडकाठी केली नाही. धर्मसंहितेचे ११७६ वे कलम दफनाची मनःपूर्वक शिफारस करते आणि श्रद्धेस विरोध म्हणून निवडलेले नसेल तर दहन निषिद्ध मानीत नाही. म्हणजे येथेही दफन ‘करावे’ आणि दहन ‘चालते’.

दहनानंतर मात्र एक ‘चालत नाही’ येते. २०१६ सालच्या रोमच्या सूचनेनुसार रक्षा वाऱ्यावर, पाण्यात वा भूमीवर विखरण्यास मनाई आहे. ती दफनभूमीत किंवा चर्चने नेमून दिलेल्या पवित्र ठिकाणी ठेवावी लागते. मराठीत अस्थी या शब्दामागोमाग ‘विसर्जन’ हाच शब्द येतो, आणि स्मशानातून कलश हाती आलेल्या ख्रिस्ती कुटुंबास भोवतालचे लोक सहजच विचारतात, विसर्जन कोठे करणार? या विधीसाठी मराठीत रूढ संज्ञा नाही. ‘रक्षादफन’ असा शब्द घडविता येईल, पण तो कानास जड लागतो. बीडकडील बोलीत तिसऱ्या दिवशी राख ‘सावडतात’. सावडणे म्हणजे वेचून एकत्र करणे. त्यात विखरण्याचा अर्थ नाही. या क्रियापदापासून एखादी संज्ञा सिद्ध करता येईल काय, याचा विचार मराठी ख्रिस्ती परिभाषेच्या अभ्यासकांनी करावा.